तिसऱ्या हाकेचं गाव

१

तोफज्जल हुसेनची कामाची एक पद्धत होती. कुंपणाशी उभं राहायचं, बेंबीच्या देठापासून हाक मारायची, आणि आतलं माणूस बाहेर येईपर्यंत अंगणाकडे बघून ठरवायचं की हे खरं बोलणार की थापा मारणार. उभी हयात पोलिसात गेलेली. निवृत्त झाला आणि घरात बायकोच्या पायात पायात यायला लागला. तेवढ्यात ढाक्याच्या सरकारने एकाहत्तरच्या लढाईतले गुन्हे उकरून काढायला माणसं शोधायला घेतली आणि याची तिथे वर्णी लागली. ऑर्डर आली त्या दिवशी बायकोने आळीभर मिठाई वाटली म्हणतात. कशाबद्दल ते तिने सांगितलं नाही.

आमच्या गावात, हिजलतल्यात, मात्र त्याच्या पद्धतीचे बारा वाजले.

बारिशालच्या धक्क्यावरून गाडी, पुढे होडी, त्यापुढे चिखल, असं करत तो सुरबाला बारुईच्या कुंपणाशी येऊन उभा राहिला. छाती फुगवली आणि हाक मारली. आत अडकित्त्याने सुपारी कातरल्याचा आवाज चालू होता. कट, कट, कट. तो चालूच राहिला.

दुसरी हाक मारली. अडकित्ता थांबला. पण ओ नाही.

तिसऱ्या हाकेला आतून गोड आवाज आला, "कोण? या, बाबा, या. उन्हात का उभे?"

"बहिरी दिसते, सर," ड्रायव्हर लियाकत कानाशी पुटपुटला. "आपली मुख्य साक्षीदार ना ही? मग झालंच."

पण बहिरेपणा असा गावभर पसरत नाही. त्या दिवशी तोफज्जल ज्या ज्या घरी गेला तिथे हेच. शेवटी चहाच्या टपरीवर लियाकतने हातेम चहावाल्याला डिवचलं, "काय रे चाचा, तुमच्या गावात कानात मळ फार का?"

"पहिल्या हाकेला आम्ही ओ देत नाही, भाई. दुसरीला कान देतो. तिसरीला तोंड."

"आणि मोबाइल वाजला की?"

"कट करतो. पुन्हा वाजला, पुन्हा कट. तिसऱ्यांदा उचलतो. कंपनीची ती पोरगी फोन करते ना, ऑफर सांगायला, ती रडकुंडीला आलीये."

टपरी हसली. तोफज्जलही हसला. "हे कुठून आलं?" त्याने विचारलं.

"एकाहत्तरपासूनची सवय," हातेम म्हणाला आणि मग कप विसळण्यात त्याला फारच काम निघालं.

२

खटला होता इस्कांदर मृधावर. लढाईच्या आधी हा इसम एका नाटक कंपनीत पडद्याआडून आवाज काढायचा. कोल्हा, वादळ, म्हातारी, राजा, सगळं एकटाच. लोक त्याला सातगळ्या म्हणत. लढाई सुरू झाली, लष्कर बारिशालला उतरलं, आणि सातगळ्या लष्कराच्या हस्तकांत, रझाकारांत, गेला. त्याच्या हातात बंदूक कुणी पाहिली नाही. त्याला लागतही नव्हती.

गावातले पुरुष तेव्हा पानमळ्यात लपायचे. आमच्याकडचा पानमळा म्हणजे तागाच्या काड्यांची एक बंदिस्त खोलीच. चारी बाजूंनी कूड, वर छप्पर, आत हिरवा अंधार. बाहेरच्याला आतला दिसत नाही. लष्कर शोधायला आत शिरलं की वेलीत पाय अडकून पडायचं आणि शिव्या देत परत जायचं. मग ते सातगळ्याला आणू लागलं.

"तो फक्त हाक मारायचा," सुरबालाने जबानीत सांगितलं. पाय पसरून बसली होती, मांडीवर सुपारीचं सूप. रेकॉर्डर तोफज्जलने सुपाशेजारी ठेवला होता आणि ती त्याच्याकडे, तिथे पाल बसलीय अशा नजरेने, बघत होती. "ज्येष्ठ महिना. दिवस मावळायचा होता. आमचे हे पानमळ्यात, मी घरात. बाहेरून हाक आली, दादा! ए दादा! माझ्या दिराची, बिपिनची. तो सरहद्दीकडे गेला होता. कळलं ना, धाकटा भाऊ लढाईतून जिवंत परत आला, मग कोण थांबेल? हे धावतच बाहेर आले. आणखी बरेच आले. बाहेर लष्कर दबा धरून होतं, कोणी परतलं नाही."

"आणि बिपिन?"

"तो आधीच वाटेत मेलेला होता. ते आम्हाला नंतर कळलं."

"पण आवाज बिपिनचाच होता, हे नक्की?"

"बिपिनचाच. मी कुडाच्या फटीतून बघत होते. कुंपणाजवळच्या बोरीखाली इस्कांदर उभा. हात असा," तिने पंजाची वाटी करून तोंडाच्या कडेला धरली, "आणि त्याच्या तोंडातून माझा दीर बोलत होता."

बाकी सगळ्यांनी नुसतं ऐकलं होतं, आणि ऐकलं होतं तेही आपापल्या घरच्या माणसाला. हाक मारणारं तोंड पाहणारी गावात ही एकटी उरली होती. ती उभी राहिली नाही, तर म्हातारा इस्कांदर मृधा घरी जाऊन नातवंडं खेळवायला मोकळा. तोफज्जलला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो तिला माशीमा, म्हणजे मावशी, म्हणत सुनेपेक्षाही गोड बोलत होता.

"नकला चांगल्या करत असेल तो, माशीमा."

"मेलेल्यांच्याच करायचा," ती म्हणाली. "नाटकातसुद्धा. जिवंत माणसाचा आवाज त्याला कधी जमला नाही. आणि दुसरी हाकही त्याला कधी आली नाही. एकदाच मारायचा. म्हणून तर आम्ही दुसरीची वाट बघतो."

तोफज्जलने मान हलवली. खेड्यातली बाई, म्हातारी, विधवा. यातलं कोर्टात काय सांगायचं आणि काय नाही, याची तो मनातल्या मनात निवड करत होता.

तेवढ्यात पानमळ्याकडून हाक आली. "सुरो बौदी!"

तरुण आवाज. दिराने लांबून वहिनीला मारावी तशी मोकळी, लाडाची. लांबचा प्रवास करून आलेल्या माणसाची.

"माशीमा, तुम्हाला कोणी बोलावतंय," तोफज्जल म्हणाला.

ती सुपारी कातरत होती. कट, कट. तिची सून मिनती चुलीशी पाठमोरी बसली होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"एकदाच आली ना?" सुरबालाने विचारलं.

"हो."

"मग असू दे."

३

आता तोफज्जल हा पोलिसातला माणूस. त्याच्या डोक्यात लगेच चक्रं फिरली. आरोपीचा कोणी भाचा, पुतण्या, पित्त्या, म्हातारीला घाबरवायला आला असणार. साक्षीदार फोडायच्या तऱ्हा त्याने कमी पाहिल्या नव्हत्या. तो ताडकन उठला आणि पानमळ्यात घुसला.

आत भर दुपारी संध्याकाळ होती. उन्हाच्या काड्या काड्या होऊन खाली पडलेल्या. वेलींच्या रांगा, मधून माणूस तिरका चालेल एवढी वाट, खाली ओला भुसभुशीत मातीचा वाफा. त्याने दबक्या पावलांनी एक रांग पाहिली, दुसरी पाहिली. कोणी नाही. मातीत पावलं होती ती त्याची स्वतःची. हवा अशी कोंडलेली की पान हलत नव्हतं.

एक हलत होतं.

तो उभा होता तिथून हातभर अंतरावर, त्याच्या तोंडाच्या उंचीवर, एकच पान हलत होतं. पुढे, मागे. थांबे, पुन्हा पुढे, मागे. समोर कोणी श्वास घेत उभं असावं तसं. तोफज्जलने पान बोटाने धरलं. ते उबदार होतं.

ऊन, त्याने मनाशी म्हटलं. छपरातून ऊन येतं ना. मग त्याने वर पाहिलं. त्या जागी छपरावर नव्या काड्या घातल्या होत्या.

तो जरा भरभर बाहेर आला. अंगणात लियाकत पानाचा विडा तोंडात कोंबून मिनतीशी गप्पा छाटत होता. "काय सर, सापडला का दीर?"

"तू ऐकलीस ना हाक?"

"मी?" लियाकत चुना चाटत म्हणाला. "मला वाटलं माझ्या आज्याने हाक मारली. म्हटलं, म्हातारा कबरीतून उठून आला की काय बिडी मागायला. मी उत्तर देणारच होतो. पण तोंडात विडा होता."

४

बारिशालच्या सर्किट हाउसमध्ये तोफज्जलने रेकॉर्डिंग लावलं. म्हातारीचा आवाज, अडकित्ता, कोंबडी, सगळं स्वच्छ. मग ती जागा आली. तिथे हाक नव्हती. "दुसरीची वाट बघतो" आणि "माशीमा, तुम्हाला कोणी बोलावतंय" यांच्या मध्ये नुसता एक आवाज होता. स्स्स्स. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा. थोडा वेळ, मग बंद.

मशीन स्वस्तातलं आहे, त्याने ठरवलं. सरकारी खरेदी आहे, आणि सरकारी खरेदीत काहीही होऊ शकतं. या विचाराने त्याला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच सरकारी खरेदीने कुणाला बरं वाटलं असेल.

पुढच्या आठवड्यात त्याला आरोपीचीही जबानी घ्यायची होती. इस्कांदर मृधा तुरुंगाच्या इस्पितळात होता. तोफज्जलने डोळ्यांसमोर एक धिप्पाड राक्षस आणला होता. खाटेवर होता तो भिजलेल्या चिमणीएवढा म्हातारा, गळ्याला मफलर गुंडाळलेला. डॉक्टरने बाजूला घेऊन सांगितलं की घशाचा कॅन्सर झाला होता, आवाजाची पेटीच काढून टाकली आहे. बरीच वर्षं झाली. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतो. बोलणं शक्यच नाही.

"बोलणं शक्यच नाही," तोफज्जलने पुन्हा म्हणून पाहिलं. जिभेवर चांगलं वाटलं.

म्हाताऱ्याला प्रश्न विचारले. हिजलतल्यात होतास? मान डोलवली. रझाकार होतास? मान हलवली, नाही. हाका मारल्यास? यावर म्हातारा हसला. हसताना तोंड हललं, पण आवाज आला तो मफलरच्या आतून. स्स्स्स. थोडा वेळ, मग बंद. मफलरचा सुटलेला धागा पुढे, मागे, पुढे, मागे हलत होता.

तोफज्जलने कागद गोळा केले. घरी आल्यावर बायकोने विचारलं, एवढा का घाम आलाय? तर म्हणाला, इस्पितळात पंखा नव्हता. पंखा होता.

५

सुरबालाला ढाक्याला आणलं आणि साक्षीदारांसाठीच्या घरात ठेवलं. चौथा मजला, दाराशी पहारा, खिडकीला जाळी. ती आल्या आल्या घर फिरून आली आणि म्हणाली, "इथे कुंपण कुठाय?"

"कुंपण कशाला, माशीमा? खाली पोलीस आहेत."

"मग बाहेरचा माणूस बाहेर कुठे थांबायचा?"

तिने स्वतःचं स्वतः उत्तर शोधलं. दाराच्या आत चटई टाकली आणि तिथेच दिवसभर सुपारी कातरत बसली. मिनती बरोबर होती. पहारेकरी पहिल्या दिवशी जेवण घेऊन आला आणि दोनदा बेल वाजवून थकला. जेवण खाली घेऊन गेला. "उपास आहे त्यांचा," म्हणाला.

तोफज्जल रोज दुपारी जायचा, साक्षीची तयारी करून घ्यायला. मुख्य धडा एकच होता. "हे बघा, माशीमा, कोर्टात शिपाई पुकारा करतो. तुमचं नाव घेतलं की लगेच हो म्हणायचं. पहिल्याच हाकेला. तिथे तिसरीची वाट बघत बसलात तर न्यायमूर्ती चिडतील."

"ते शिकलेले आहेत ना? मग थांबतील की."

"शिकलेली माणसं थांबत नाहीत, माशीमा."

"मग कशाला शिकतात?" ती म्हणाली आणि सुपारी त्याच्या हातावर ठेवली. सुपारी चघळत तो जिना उतरायला लागला.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खालून हाक आली.

"तोफा!"

ढाक्यात त्याला तोफा म्हणणारं कोणी नव्हतं. जगातही नव्हतं. त्याची आई जाऊन फार वर्षं झाली होती. ती विहिरीवरून कळशी डोक्यावर घेऊन यायची आणि अंगणाच्या टोकाला येऊन असाच आवाज द्यायची, शेवटचं अक्षर वर उचलून, की ये रे, हात लाव, मान दुखते.

तोफज्जलचा एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. तोंडात सुपारीचा तोबरा होता, म्हणून तोंड उघडलं नाही. एवढंच कारण. यावर तो नंतर पुष्कळ विचार करणार होता.

तो थांबला. खाली रिक्षाच्या घंट्या, भाजीवाला, कुठेतरी ड्रिल मशीन. दुसऱ्या हाकेची वाट बघत तो तिथेच उभा राहिला, आपण काय करतोय हे लक्षात येईपर्यंत. ढाक्याचा पोलीस अधिकारी, हिजलतल्याच्या बाईसारखा दुसरी हाक मोजत. त्याला हसू आलं. हसू जरा वेळाने थांबलं, कारण दुसरी हाक आलीच नाही.

६

कोर्टात त्या दिवशी गर्दी होती. वर तीन न्यायमूर्ती, खाली वकिलांचे काळे डगले, टाइप करणारी एक चुणचुणीत मुलगी, आणि काचेच्या पिंजऱ्यात मफलर गुंडाळून इस्कांदर मृधा. मधले न्यायमूर्ती घड्याळाकडे बघत होते. त्यांना घड्याळाकडे बघण्याची खोड होती. घड्याळ बंद असलं तरी बघायचे.

शिपायाने पुकारा केला, "सुरबाला बारुई, हाजिर!"

ती बाकावर बसलेली. तोफज्जलने डोळे मोठे केले, खोकला, मान हलवली. ती त्याच्याकडे बघून हसली आणि बसूनच राहिली.

शिपायाने पुन्हा पुकारलं. कोर्टात खसखस पिकली. तिसऱ्या पुकाऱ्याला म्हातारी उठली, पदर सारखा केला आणि "आले, बाबा, आले. घसा बसेल तुमचा," असं शिपायाला म्हणाली. आता सगळं कोर्ट हसलं. न्यायमूर्तींनीही घड्याळ सोडून तिच्याकडे पाहिलं.

साक्ष मात्र तिने खणखणीत दिली. बोर, फट, पंजाची वाटी, सगळं. तोफज्जल बाकाला टेकून बसला. मग बचावाचे वकील सिकदार उठले. गोरेपान, गोलमटोल, आवाज तुपात तळलेला.

"आजी, तुमचं वय किती?"

"ते वरच्या साहेबांएवढं असेल. पण त्यांचे दात आहेत."

"कान कसे आहेत?"

"जागेवर आहेत."

सिकदारसाहेब हसले आणि न्यायमूर्तींकडे वळले. "मायलॉर्ड, सगळी केस एका हाकेवर उभी आहे. या बाईंनी चाळीस वर्षांपूर्वी एक हाक ऐकली म्हणे. आणि ओळखलीही म्हणे. अहो, मघाशी याच दालनात, दहा पावलांवरून, शिपायाने गळा फाडून मारलेली हाक यांना दोनदा ऐकू आली नाही! माझी विनंती आहे. मी मागच्या दारापाशी जाऊन साध्या आवाजात यांचं नाव घेतो. एकदाच. ऐकू आलं तर ओ द्यावा. नाही आलं, तर यांची साक्ष कोर्टाने कशी धरायची ते कोर्टाने ठरवावं."

सरकारी वकिलाने हरकत घेतली. न्यायमूर्ती आपापसात कुजबुजले. मधले म्हणाले, परवानगी आहे, जेवणानंतर.



७

जेवणाच्या सुट्टीत त्याने तिला व्हरांड्यात गाठलं. ती मुरमुरे आणि गूळ खात होती. तो तिच्या पायाशी उकिडवा बसला. निवृत्त इन्स्पेक्टर, गुडघे कटकटणारा.

"माशीमा, पाया पडतो. एवढी एकच हाक. पहिलीलाच ओ द्या. नाही दिलात तर तो सुटेल."

"सुटेल?"

"घरी जाईल. हिजलतल्यालासुद्धा येईल."

तिने मुरमुऱ्यांतला एक खडा निवडून टाकला. मग म्हणाली, "तो कुठे गेलाय म्हणून येईल, बाबा? पण तुम्ही म्हणताय तर देईन. वकिलाच्या हाकेला देईन."

कोर्ट भरलं. सिकदारसाहेब मागच्या दारापाशी गेले. म्हातारीला पाठमोरं उभं केलं. न्यायमूर्तींनी हात वर करून शांतता मागितली, आणि अशी शांतता झाली की वरचा पंखा मोजता यावा. सिकदारसाहेबांनी तोंड उघडण्यासाठी श्वास आत घेतला.

"तोफा!"

मागच्या दाराच्या पलीकडून. शेवटचं अक्षर वर उचललेलं. कळशी डोक्यावर, मान दुखते, ये रे.

"जी, आम्मा!" तोफज्जल म्हणाला.

तोंडात सुपारी नव्हती. तो म्हणाला, उभा राहून म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याच्या कानावर आलं की कोर्टात सगळीकडे हेच चाललंय. टाइप करणारी मुलगी थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाली, "काय गं, बुबू?" सरकारी वकील म्हणाले, "आलो, आलो." शिपाई म्हणाला, "हो, अब्बा." सिकदारसाहेब, तो तुपातला आवाज, सात-आठ वर्षांच्या पोरासारखे चिरकत "इथेच आहे, दादी!" म्हणाले. आणि मधले न्यायमूर्ती खुर्चीतून अर्धे उठलेले, हात टेबलाला लावून, दाराकडे बघत होते, आणि त्यांच्या ओठांवर एक लहानसा "ओ" होता, जो बाहेर पडून गेलेला होता.

भर मजलिसीत कुणीतरी वारा सोडावा आणि प्रत्येकाला वाटावं की आपणच सोडला, तशी सगळी माणसं खाली बघत होती. दार बंद होतं. पंखा फिरत होता.

ओ दिला नव्हता दोघांनीच. एक काचेच्या पिंजऱ्यात. तोफज्जलची नजर तिकडे गेली तेव्हा इस्कांदर मृधाचा हात वर होता, पंजाची वाटी केलेली. तोंडाशी नव्हे, गळ्याशी. मफलरचा धागा पुढे, मागे हलत हलत थांबला.

दुसरी सुरबाला. ती सावकाश वळली आणि पिंजऱ्याकडे बोट दाखवलं.

"हाच. त्या दिवशी हात तोंडाशी होता, आज गळ्याशी आहे. बाकी काही फरक नाही." मग ती सिकदारसाहेबांकडे बघून म्हणाली, "तुम्ही अजून हाक मारली नाहीत, बाबा. मी थांबलेय."

सिकदारसाहेबांनी तोंड उघडलं. मग मिटलं. "काही प्रश्न नाहीत," असं ते म्हणाले असावेत, कारण ओठ तसे हलले.

मधले न्यायमूर्ती खाली बसले. टाइप करणाऱ्या मुलीला सांगताना ते तिच्याकडे बघत नव्हते. "लिहा. साक्षीदाराला ऐकू येतं."

तेवढंच लिहिलं गेलं. आजही तेवढंच आहे.

८

शिक्षा झाली. फाशीची. निकाल वाचला तो धाकट्या न्यायमूर्तींनी, कारण मधल्यांचा घसा बसला होता. सिकदारसाहेब घशाच्या इलाजासाठी परदेशी गेल्याचं ऐकिवात आलं. शिपायाच्या जागी पुकाऱ्याला दुसरा माणूस आला. ढाक्यात त्या हंगामात धूळ फार होती, असं सगळेच म्हणत, म्हणजे जे म्हणू शकत होते ते.

तोफज्जलचाही घसा धरला होता. डॉक्टरने टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाला, काही नाही आत, स्वच्छ आहे, गुळण्या करा. बायकोला तर आनंदच झाला. एवढी शांतता तिला लग्न झाल्यापासून मिळाली नव्हती.

अपिलाच्या आधीच इस्कांदर मृधा तुरुंगाच्या इस्पितळात मेला. ही बातमी म्हातारीला आपणच सांगायची, असं तोफज्जलने ठरवलं. फोनवर नको. कुंपणाशी उभं राहून, बाहेर बोलावून, समोर. माशीमा, संपलं आता. कोणीही हाक मारली तरी खुशाल ओ द्या. एवढी वाक्यं त्याने बरेच दिवस साठवून ठेवली होती. वाटेत लियाकत म्हणाला, "सर, ढाक्यापासून तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. रागावलात का?" तोफज्जलने गळ्याकडे बोट केलं.

लियाकत टपरीवर थांबला. तोफज्जल एकटाच कालव्याच्या कडेने पुढे गेला. माघ महिन्याचं कोवळं ऊन होतं. आतून अडकित्त्याचा आवाज येत होता. कट, कट, कट. अंगणात मिनती धान वाळवत होती, पाठमोरी. तो कुंपणाशी आला. डोळ्यांवर तिरीप येत होती म्हणून दोन पावलं सरकून सावलीत उभा राहिला. ती सावली बोरीची होती.

त्याने श्वास घेतला आणि हाक मारली. माशीमा.

बाहेर पडलं ते, "सुरो बौदी!"

तरुण आवाज. मोकळा, लाडाचा. लांबचा प्रवास करून घरी आलेल्या माणसाचा. तो पानमळ्यावरून गेला आणि विरला. तोफज्जलला वाटलं मागे कोणी आहे. त्याने वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

अडकित्ता थांबला नाही. असू दे, त्याने मनाशी म्हटलं, दुसरीला थांबेल. गावाची रीत आता त्याला कोणी शिकवायला नको होती. त्याने छाती भरून घेतली, बेंबीच्या देठापासून जोर लावला.

स्स्स्स.

पुन्हा लावला. स्स्स्स. गळ्याशी काहीतरी गार लागत होतं. त्याचा हात तिथे होता. कधी गेला ते त्याला कळलं नव्हतं. बोटं आपोआप वाटीसारखी वळलेली होती.

कुडाच्या फटीत एक डोळा आला. म्हाताऱ्या माणसाचा, पाण्याने भरलेला. तो तोफज्जलकडे बराच वेळ बघत होता. त्याच्या तोंडाकडे, मग हाताकडे. मग फट रिकामी झाली.

"आई, कोणी आलं का?" मिनतीने विचारलं.

"कोणी नाही. एकदाच आली."

कट, कट, कट.

ऊन चढलं. कालव्याकडून लियाकतचा आवाज आला, "सर!" टपरीवर बसून बसून त्यालाही गावाचं वारं लागलं होतं, कारण तो मध्ये थांबला, आणि मग पुन्हा म्हणाला, "सर!" पुन्हा थांबला. तिसरी हाक त्याने चांगली लांबवून मारली, "सऽऽर, चलायचं ना?"

तोफज्जलला तिन्ही हाका नीट ऐकू आल्या. तो बोरीखाली उभा होता, तोंड उघडं, आणि त्याच्या तोंडासमोरचं एक पान हलत होतं, पुढे, मागे, पुढे, मागे.